लहान आरोग्य केंद्रात फॅमिली डॉक्टर कसा घडवायचा

१९६१ साली अमेरिकी डॉक्टर केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा हिशोब मांडला. १,००० प्रौढ माणसे धरली, तर महिन्याभरात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखणे होते, २५० डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात भरती होतात आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो तो एक. डॉक्टरकीचे शिक्षण मात्र बहुतेक ठिकाणी त्या एकाच्या खाटेशेजारी होते. बाकीच्यांना कसे तपासायचे, कोणाला धीर देऊन घरी पाठवायचे आणि कोणाला आजच्या आज पुढे पाठवायचे, हे तिथे शिकवता येत नाही, कारण ती माणसे तिथे येतच नाहीत.

ग्रामीण भागासाठी फॅमिली डॉक्टर हवा असेल तर तो गावाजवळच्या केंद्रात तयार करावा लागतो, आणि त्यासाठी आधी ते केंद्र शिकवण्याजोगे करावे लागते. पुढची मांडणी लहान केंद्रासाठी आहे: एक-दोन डॉक्टर, दोन-तीन परिचारिका, एक औषधनिर्माता, गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविका. तिच्यातली प्रत्येक गोष्ट एकाच खिळ्याला टांगलेली आहे: शिकाऊ डॉक्टरला तोच पेशंट पुन्हा पुन्हा भेटला पाहिजे. ते जमले नाही तर उत्तम वर्ग आणि महागडी यंत्रे असूनही हाती लागते ती फक्त आणखी एक ओपीडी.

आधी यादी, मग शिकाऊ डॉक्टर

केंद्राखाली किती घरे आहेत आणि कोणत्या घरात कोण राहते याची यादी नसेल, तर पहिले दोन महिने त्यातच घाला. घराला क्रमांक, एका घराची एक फाइल, पहिल्या पानावर माणसांची नावे, वये, जुनी दुखणी, चालू औषधे आणि अ‍ॅलर्जी. शिकाऊ डॉक्टर रुजू झाला की त्याच्या नावावर १०० ते १५० घरे लावून द्या. सगळी एकाच वस्तीतली नकोत. काही केंद्राजवळची, काही तासभर लांबची. त्यात गरोदर बाई, पाच वर्षांखालचे मूल, बीपी-मधुमेहाचे पेशंट, अपस्मार किंवा मानसिक आजाराचा कोणी आणि अंथरुणाला खिळलेले माणूस, हे सगळे थोडेथोडे असावेत. नुसती अवघड घरे दिली तर तो तीन महिन्यांत थकतो, नुसती सोपी दिली तर काही शिकत नाही.

पहिली गडबड होते ती नोंदणीच्या खिडकीवर. गर्दीच्या दिवशी तिथून ‘जी खोली रिकामी आहे तिथे जा’ असे सांगितले जाते आणि महिन्याभरात यादी कागदावर उरते. उपाय अगदी साधा: त्या घरांच्या फाइलींना एका रंगाची पट्टी, त्याच रंगाची पट्टी शिकाऊ डॉक्टरच्या दारावर, आणि खिडकीवरच्या माणसाला यामागचे कारण नीट समजावून सांगणे. त्याला कारण कळले की तो स्वतःहून पेशंट थांबवून ठेवतो. तातडीचा पेशंट मात्र पट्टीसाठी थांबवायचा नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे विचारणारा वरिष्ठ भेटतोच. नॉर्वेतल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींवरून असे दिसले, की एकाच फॅमिली डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्यांमध्ये, वर्षभराचीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, रात्री-अपरात्री तातडीची सेवा घेणे सुमारे ३० टक्क्यांनी, अचानक भरती होणे २८ टक्क्यांनी आणि मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होते. अशा अभ्यासातून कार्यकारणभाव पक्का सिद्ध होत नाही हे खरे, पण ओळख वाढत गेली तसा फरकही वाढत गेला, हे दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

कालावधी किती? पंधरा दिवसांच्या पोस्टिंगमध्ये केंद्राची हवा तेवढी कळते. सहा महिन्यांच्या खाली येऊ नका, नऊ महिने मिळाले तर उत्तम: गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीला भेटलेली बाई बाळंत होईपर्यंत डॉक्टर तोच राहतो. मिनेसोटा विद्यापीठाने १९७१ पासून विद्यार्थ्यांना नऊ महिने ग्रामीण डॉक्टरांकडे ठेवले, आणि कॅनडातल्या नॉर्दर्न ओंटारियोच्या वैद्यकीय शाळेत तिसऱ्या वर्षाचे आठ महिने लहान गावांत जातात. एका विभागातून दुसऱ्यात फिरण्याऐवजी तिथे बालरोग, स्त्रीरोग, मानसिक आजार सगळे एकाच ओपीडीत, येईल त्या क्रमाने शिकले जाते.

तारखेची पेटी

बीपी, मधुमेह, अपस्मार, दमा अशा दीर्घ आजारांसाठी, संगणक असो वा नसो, लाकडी किंवा जाड पुठ्ठ्याची एक पेटी ठेवा. आत महिन्यांचे बारा कप्पे, आणि चालू महिन्याच्या कप्प्यात १ ते ३१ आकड्यांचे दुभाजक. प्रत्येक पेशंटचे एक जाड कार्ड. पेशंट येऊन गेला की त्यावर आजचे माप, औषधाचा डोस आणि पुढची तारीख लिहायची आणि कार्ड त्या तारखेच्या मागे लावायचे. संध्याकाळी आजच्या आकड्यामागे जी कार्डे उरतात ती न आलेल्यांची.

पेटी बिघडते ती इथेच. उरलेली कार्डे सरळ पुढच्या महिन्यात ढकलली की पेटी नीटनेटकी दिसते आणि माणूस हरवतो. म्हणून नियम करा: न आलेल्याचे कार्ड लाल क्लिप लावून पेटीच्या अगदी दर्शनी कप्प्यात जाईल, आणि पेशंट भेटल्याशिवाय ती क्लिप निघणार नाही. सात दिवसांत फोन, चौदा दिवसांत आरोग्यसेविकेची घरभेट. आपल्या यादीतली लाल कार्डे शिकाऊ डॉक्टरने आठवड्यातून एकदा स्वतः बघायची आणि प्रत्येकावर न येण्याचे कारण लिहायचे: बरे वाटले म्हणून गोळ्या सोडल्या, पाय सुजले म्हणून सोडल्या, कामाला बाहेरगावी गेला, आला होता पण औषध नव्हते. तीन महिन्यांनी ही कारणे मोजा. ‘औषध नव्हते’ जास्त निघाले तर दोष पेशंटचा नाही, साठ्याचा आहे, आणि औषधनिर्मात्याबरोबर बसून किमान साठ्याची पातळी ठरवायला हवी. महिन्याला सरासरी जेवढ्या गोळ्या लागतात आणि माल यायला जितके महिने लागतात त्यांचा गुणाकार, त्यावर एका महिन्याची शिल्लक. तिच्या खाली साठा गेला की मागणी गेलीच पाहिजे.

मोजमाप चुकले की पुढचे सगळे चुकते

दीर्घ आजारांचे निम्मे शिक्षण बीपी नीट मोजण्यात आहे. पेशंट पाच मिनिटे शांत बसलेला, पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला, बाहीवरून पट्टा नाही, बोलणे नाही, आधी अर्धा तास चहा-कॉफी-तंबाखू नाही. दोन वेळा मोजा, मध्ये एक-दोन मिनिटे. पट्ट्यातल्या रबरी पिशवीची लांबी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के हवी. जाड दंडावर लहान पट्टा बांधला तर बीपी खोटाच जास्त दिसतो, आणि ठणठणीत माणसाला जन्मभराच्या गोळ्या लागतात. म्हणून केंद्रात निदान तीन मापांचे पट्टे हवेत. एकाच मापाचा पट्टा असलेल्या केंद्रात शिकलेला डॉक्टर ती चूक पुढे आयुष्यभर करत राहतो.

मोजमाप खरे होते की अंदाजपंचे, हे पेशंट न बघताही कळते. हाताने मोजलेल्या शंभर नोंदी काढा आणि वरच्या बीपीचा शेवटचा आकडा पाहा. काट्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या रेघा असतात, त्यामुळे शेवटी ० साधारण पाचात एकदा यायला हवे. १४०, १३०, १२० अशीच रांग असेल आणि शून्ये साठ-सत्तरच्या घरात गेली असतील, तर यंत्र न बघता गोल आकडा लिहिला जातो आहे. कोणाला बोल न लावता हे पान सगळ्यांसमोर ठेवा, पुढच्या महिन्यात फरक दिसतो.

लहान मुलांच्या बाबतीत असेच जपायचे माप म्हणजे श्वासाची गती. पूर्ण एक मिनिट मोजायचे, मूल शांत असताना, दूध पीत नसताना. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे चालत नाही, कारण लहान मुलाचा श्वास लयीत नसतो आणि मोजण्यात एका श्वासाची चूक झाली की मिनिटाला चारची होते. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांच्या आत ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास.

ओपीडीच्या धबडग्यात शिकवायचे कसे

सुरुवातीचा आठवडा शिकाऊ डॉक्टर शेजारी बसून बघेल. त्याहून जास्त नुसते बसवू नका, लक्ष उडते. दुसऱ्या आठवड्यापासून पेशंट त्याचा, प्रशिक्षक कोपऱ्यात गप्प. पहिल्या महिन्यात एका पेशंटला ३० मिनिटे, तिसऱ्या महिन्यापर्यंत २०, सहाव्यापर्यंत १५. वेळ यापेक्षा लवकर आवळला की तो लक्षण ऐकून औषध लिहिण्याची सवय लावून घेतो, आणि ती मोडणे फार कठीण.

रोज निदान एक पेशंट प्रशिक्षकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्यक्ष बघावा: पंधरा-वीस मिनिटे निरीक्षण, मग पाच-दहा मिनिटे बोलणे. ‘पेशंट सांगतो ते ऐकून’ दिलेला सल्ला आणि ‘पेशंट डोळ्यांनी बघून’ दिलेला सल्ला यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. पोट न तपासता ‘पोट मऊ’ असे लिहिलेले फक्त बघणाऱ्यालाच कळते.

बाकीच्या पेशंटसाठी पाच पायऱ्यांची पद्धत पुरते, आणि ती दोन-तीन मिनिटांत होते. शिकाऊ डॉक्टर दारातून आत आला, आठ महिन्यांचे मूल, तीन दिवस खोकला.

‘तुला काय वाटतं?’
‘मॅडम, न्यूमोनिया.’
‘कशावरून?’
‘श्वास मिनिटाला ५६. छाती आत ओढली जात नाही, दूध पितंय, उलटी नाही, झटका नाही, सुस्तही नाही.’
‘पूर्ण मिनिट मोजलास?’
‘हो, आईच्या मांडीवर, झोपलेलं असताना.’
‘छान, धोक्याची लक्षणं एकेक करून नाकारलीस, ते महत्त्वाचं. लक्षात ठेव, या वयात श्वास पन्नास किंवा जास्त आणि धोक्याचं लक्षण नाही, म्हणजे घरी उपचार चालतात. एक राहिलं: ऑक्सिमीटर लावला नाहीस. ९० च्या खाली असतं तर आपण त्याला पुढे पाठवलं असतं. आता लाव, आणि आईला सांग की दूध पिणं थांबलं किंवा श्वास वाढला तर लगेच यायचं, नाहीतर परवा दाखवायचं.’

मत मांडायला लावणे, पुरावा विचारणे, एकच सामान्य नियम सांगणे, बरोबर काय केले ते नेमके सांगणे, चूक दुरुस्त करणे, या त्या पाच पायऱ्या. बहुतेक प्रशिक्षक पहिलीच चुकवतात: स्वतःच निदान सांगून टाकतात. आणि नियम एकच सांगायचा. न्यूमोनियाचे सगळे जंतू त्याच दारात उभे राहून समजावू लागलात तर बाहेरची रांग वाढते आणि आत काही राहत नाही.

कोणते काम एकट्याने करू द्यायचे हे अंदाजावर सोडू नका. वीस-पंचवीस कामांची यादी करा: जखम शिवणे, नॉर्मल बाळंतपण, इन्सुलिन सुरू करणे, कॅन्सरच्या पेशंटला वेदनेसाठी मॉर्फिन देणे, आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या माणसाशी बोलणे. प्रत्येकापुढे पाच पातळ्या: फक्त बघेल, प्रशिक्षक खोलीत असताना करेल, हाकेच्या अंतरावर असताना करेल, एकटा करेल, दुसऱ्याला शिकवेल. दर महिन्याला तारीख आणि सही. परिचारिकेलाही ही यादी माहीत हवी, कारण रात्री ‘याला हे करू द्यायचं का’ हा प्रश्न तिलाच पडतो.

आठवड्याचे दहा अर्धे दिवस धरले तर सहा ओपीडीचे, एक दीर्घ आजारांचा, एक घरभेटींचा, एक गावातल्या कामाचा आणि एक प्रशिक्षकाबरोबर बसून केसपेपर चाळण्याचा, त्या वेळी एकही पेशंट नाही. गर्दी वाढली की सगळ्यात आधी बळी जातो तो हाच शेवटचा अर्धा दिवस. वेळापत्रकावर केंद्रप्रमुखाची सही घ्या. शिकवण्याच्या सत्रात प्रशिक्षकाचे पेशंट निम्मे करा, नाहीतर शिकाऊ डॉक्टर म्हणजे गर्दी उपसणारा फुकटचा हात होतो. असे कार्यक्रम कोसळतात ते बहुतेक याच कारणाने.

घरभेट नुसती ‘बघून ये’ म्हणून नको. निघण्याआधी एक प्रश्न लिहून न्या: साखर का उतरत नाही, आजी वारंवार का पडतात. घरात औषधांची पिशवी मागा, सगळ्या पट्ट्या एका ओळीत मांडा. दोन वेगवेगळ्या नावांनी एकच औषध चालू असणे, इन्सुलिन चुलीजवळ ठेवलेले असणे, चष्मा नसल्यामुळे सिरिंजवरच्या रेघा न दिसणे, हे ओपीडीत कधीच उघड होत नाही.

तातडीचे प्रसंग: तालीम हाच अभ्यास

दुर्मिळ प्रसंग वाचून येत नाहीत. महिन्यातून एकदा, आधी न सांगता, सगळ्यांची वीस मिनिटांची तालीम घ्या आणि घड्याळ लावा. तीन विषय आलटून पालटून पुरतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव: मूल जन्मताच ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत दिले का, रक्त थांबत नसेल तर ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम शिरेतून, जन्मानंतर तीन तासांच्या आत. गरोदरपणातले झटके: मॅग्नेशियम सल्फेट ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. पुढच्या डोसाआधी श्वास मिनिटाला निदान १६, गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया आणि लघवी तपासायची, आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचे. इंजेक्शननंतरची तीव्र अ‍ॅलर्जी: प्रौढाला अ‍ॅड्रिनॅलिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, फरक नसेल तर पाच मिनिटांनी पुन्हा.

तालमीत अपयश येते ते ज्ञानात कमी, वस्तूत जास्त. ट्रेला कुलूप आणि किल्ली घरी गेलेली, श्वास देण्याचा मास्क लहान मापाचा नाही, ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी सापडत नाही. ऑक्सिटोसिन टेबलावर महिनोन्‌महिने पडलेले असेल तर त्याची ताकद गेलेली असते. ते २ ते ८ अंशांतच ठेवायचे, लसींसारखे. फ्रिजचे तापमान दिवसातून दोनदा लिहा, आणि गोठल्याने खराब होणाऱ्या लसी बर्फाच्या कप्प्याला टेकवू नका.

पुढे पाठवणे आणि परत घेणे

रेफरल चिठ्ठीवर ‘कृपया पुढील उपचार करावेत’ एवढेच असेल तर ती चिठ्ठी नव्हे. चार गोष्टी हव्यात: आत्ता काय झाले आहे आणि कधीपासून; आधीचे आजार, औषधे, अ‍ॅलर्जी; आपली तपासणी, मापे आणि दिलेले डोस वेळेसह; आणि नेमका प्रश्न. खाली फाडून परत पाठवायचा तुकडा, त्यावर केंद्राचा फोन. प्रत्येक चिठ्ठीची नोंद वहीत, आणि चौदा दिवसांत उत्तर न आलेल्यांच्या घरी शिकाऊ डॉक्टर स्वतः फोन करेल. पेशंट तिथे पोचलाच नाही, असे निघण्याचे प्रमाण पहिल्या महिन्यात अनेकांना धक्का देते.

अवघड पेशंटबद्दल तज्ज्ञांशी ठरलेल्या वेळी व्हिडिओवर बोलणे फार उपयोगी पडते. संजीव अरोरा यांनी २००३ साली न्यू मेक्सिको विद्यापीठात हेपटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी सुरू केलेली पद्धत हीच: तज्ज्ञ पेशंट हातात घेत नाहीत, गावचा डॉक्टर आपला पेशंट मांडतो आणि बाकीचे डॉक्टर ऐकतात. एका पेशंटवर दहा जण शिकतात.

माणसे येतात, टिकत नाहीत

ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थी पुढे ग्रामीण भागात काम करण्याची शक्यता जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० आणि २०२१ च्या सूचनांत प्रवेशाच्या वेळीच हा निकष लावायला सांगितले आहे. जपानचे जिची वैद्यकीय विद्यापीठ १९७२ पासून हेच करते: प्रत्येक प्रांतातून थोडे विद्यार्थी, फी प्रांताची, आणि त्या बदल्यात नऊ वर्षे आपल्या प्रांतात सेवा. नुसता बाँड, म्हणजे ठरावीक वर्षे सेवा देण्याचा करार, मात्र पुरत नाही. चौथ्या रात्रीच ड्युटी येईल अशी पाळी, वर्षातून सलग पंधरा दिवसांची रजा आणि त्या काळात बदली डॉक्टर, नवरा-बायकोपैकी दुसऱ्याच्या नोकरीची सोय, राहण्याजोगे घर, कठीण मृत्यूनंतर फोन उचलणारा वरिष्ठ: यातले एकही नसेल तर बाँड संपण्याच्या दिवशी बॅग भरलेली असते.

चालले आहे की नाही, कसे ओळखायचे

तिमाहीला चार आकडे पुरे. पहिला सातत्याचा: वर्षात तीनहून जास्त वेळा आलेल्या पेशंटच्या १० भेटींपैकी ६ त्याच डॉक्टरकडे झाल्या तर ०.६. शिकाऊ डॉक्टरच्या यादीत हा ०.५ च्या खाली गेला तर दोष त्याच्यात शोधण्याआधी खिडकी आणि वेळापत्रक तपासा. दुसरा, शेवटच्या भेटीत बीपी १४०/९० च्या खाली असलेल्यांचे प्रमाण, आणि भागाकारात न आलेलेही धरायचे. फक्त येणाऱ्यांचा हिशोब केला की आकडा नेहमीच गोड दिसतो. तिसरा, लाल कार्डे. चौथा, उत्तर आलेल्या चिठ्ठ्या.

शिकाऊ डॉक्टर जायच्या आधीचे सहा आठवडे वेगळे राखून ठेवा. त्याच्या यादीतली माणसे तो तीन गठ्ठ्यांत वाटेल: कोणीही बघितले तरी चालेल असे, नव्याने येणाऱ्याला समोर बसवून सोपवायचे, आणि प्रशिक्षकानेच सांभाळायचे. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या प्रत्येकाला जुना आणि नवा डॉक्टर एकत्र भेटतील, आणि केसपेपरवर औषधांखाली तीन ओळी लिहिल्या जातील: याला कशाची भीती वाटते, घरात निर्णय कोण घेतो, मागच्या खेपेला काय करून बघितले आणि जमले नाही.